बाळसं मोजणारा दवाखाना: लाडूवालीकडून पाचपैकी चार

आधी माझा धंदा सांगते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला शंका नको. बेळगावच्या शहापुरात घरच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं मी बाळंतिणीचे लाडू वळते. डिंक, अळीव, मेथी, सुंठ, खारीक, खोबरं, गोडंबी, गूळ आणि हात न आखडता तूप. वडगाव, अनगोळ, हिंदवाडी, कुठल्या कुठल्या पोरी माझे लाडू खाऊन बाळंतपणातनं उठल्यात. तेव्हा मुलांचं वजन बघणाऱ्या दवाखान्याबद्दल मी चार चांगले शब्द लिहीन असं मलाच वाटलं नव्हतं. पण पैसे मोजलेत, तीन वेळा जिना चढलाय, आता लिहिणारच.

दवाखान्याचं नाव घालत नाही. कौतुक आहे तशा खोडीही काढल्यात, आणि बेळगावात कोण कुणाच्या नात्यातला निघेल सांगता येत नाही. टिळकवाडीत आहे, वरच्या मजल्यावर आहे, शनिवारी लहान मुलांची वाढ बघतात, एवढं पुरे.

गेलो ते नातवाला घेऊन. थोरल्या लेकीचा मुलगा, अडीच वर्षांचा. नाव चांगलं ठेवलंय, पण घरात सगळे गुंड्याच म्हणतात. जन्मला तेव्हाच ३ किलो ९०० ग्रॅम. वॉर्डातल्या नर्सबाया एकमेकींना बोलावून दाखवायच्या. सहाव्या महिन्यात तर मनगटाला दोरा बांधल्यासारखी वळी. आमच्यात मूल बारीक असलं तर चार बायका चार उपाय सांगतात. जाड असलं तर कुणी काही सांगत नाही, मीठमिरच्या ओवाळून टाकतात. ‘बाळसं धरलंय’ म्हणायचं आणि पुढं व्हायचं. बाळसं कुठं संपतं नि दुसरं काय सुरू होतं, हे मी एवढ्या बाळंतिणींना लाडू देऊनही कधी विचारलं नव्हतं.

लेकीच्या सासरी, निपाणीच्या अंगणवाडीतल्या बाईंनी पहिल्यांदा सांगितलं. वजन करून तक्त्यावर टिपकं मांडलं आणि लेकीला म्हणाल्या, “अक्का, हे वरच्या रेघेच्या बाहेर चाललंय, एकदा दाखवा की.” घरी आल्यावर विहीणबाई भडकल्या. “पोराला टोकलं बघा त्या बाईनं!” त्या रात्री दृष्ट काढली. लेक माहेरी आली तेव्हा मात्र हळूच मला म्हणाली, “आई, दाखवूया काय?”

आता दवाखान्याकडं. नंबर फोनवर घेत नाहीत, सकाळी जाऊन चिठ्ठी घ्यायची. आमचा चौदावा. पावणेदोन तास बसलो. जिना अरुंद, लिफ्ट नाही. ओल्या बाळंतिणीनं हा जिना कसा चढायचा, याचा विचार इमारत बांधणाऱ्यानं केलेला नाही, नि भाड्यानं घेणाऱ्यानंही. खाली औषधाचं दुकान, त्याच्या काचेवर गुबगुबीत पोराचं चित्र नि चॉकलेटी पावडरीचा डबा. दोन वर्षांखालच्या बाळांच्या दुधाच्या डब्यांची जाहिरात आपल्याकडं १९९२च्या कायद्यानं बंद आहे. दोन वर्षांपुढच्या पावडरीला ते बंधन नाही, म्हणून हे चित्र तिथं. वर वजन उतरवायला चढायचं नि उतरताना ते चित्र बघायचं. पहिल्या भेटीचे सहाशे, पुढच्या प्रत्येक वेळी तीनशे. आहाराच्या कागदाचे चारशे वेगळे, त्यावर नंतर बोलते.

पण वजन कसं करतात ते बघितलं आणि माझा राग निम्मा उतरला. मी तराजूवर पोट भरणारी बाई आहे. काटा शून्यावर आणला नाही तर मला लांबून दिसतं. इथल्या मुलीनं आधी रिकामा काटा शून्यावर आणला, मग गुंड्याचे कपडे, चड्डी, कमरेचा करगोटा, सगळं उतरवलं. करगोट्यातल्या चांदीच्या घुंगरांसाठी लेक कुरकुरली, तर म्हणाली, “चांदी नको, पोराचं वजन पाहिजे.” उंचीसाठी भिंतीवर टेप नाही, लाकडी फळी. टाचा टेकवून एकीनं पाय धरले, दुसरीनं डोकं सरळ धरलं. दोन वर्षांखालच्याला झोपवून मोजतात, वरच्याला उभं करून. १६ किलो ८०० ग्रॅम, ९३ सेंटीमीटर. दोन वेळा मोजलं. आमच्या गल्लीतल्या दुकानात साखरसुद्धा इतकी नेमकी मोजत नाहीत.

डॉक्टर चाळिशीतले, मराठी खानापूरच्या वळणाची. त्यांनी तक्ता काढला. मी म्हटलं, “हा परदेशातल्या पोरांचा असणार, आपल्या पोरांना कसा लागू?” बरं वाटलं की ते चिडले नाहीत. म्हणाले, जागतिक आरोग्य संघटनेचा २००६चा तक्ता आहे, त्यासाठी सहा देशांतली मुलं मोजली: ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान, अमेरिका. आपल्याकडची दिल्लीची. सगळी आईच्या दुधावर वाढलेली, आया तंबाखू न ओढणाऱ्या. पाच वर्षांखाली उंचीच्या मानानं वजन दुसऱ्या वरच्या रेघेपुढं गेलं तर अतिवजन, तिसरीपुढं गेलं तर लठ्ठपणा. गुंड्याचं टिपकं दोन्हीच्या मध्ये. “अजून लठ्ठ म्हणायचं नाही,” ते म्हणाले, “पण रेघ कुठनं कुठं चढत आली ते मला बघायचंय.” मी विचारलं, आमच्याकडं तर कुपोषणाचीच ओरड असते. म्हणाले, तेही आहेच. पण देशाच्या कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची अतिवजनाची मुलं २०१५-१६ मध्ये शंभरात २.१ होती, २०१९-२१ मध्ये ३.४ झाली.

मग मला वाटलं, आता विचारतील काय खातो. मी उत्तरं पाठ करून गेले होते. कुंद्याचं, म्हणजे आमच्याकडच्या दुधाच्या मिठाईचं, सांगायचं नाही असंही ठरवलेलं. तर म्हणाले, “तायी कार्ड आणलंय काय?”

आमच्या भागात हे कार्ड सगळ्यांना ठाऊक. कानडीत तायी म्हणजे आई. गरोदर बाईचं वजन, रक्त, लघवी, इंजेक्शनं, बाळंतपण, सगळं त्यात लिहितात. माझ्या शेजारणीला कैक दिवस ते ‘ताईचं कार्ड’ वाटत होतं, धाकटीला कधी मिळणार म्हणून विचारायची. कार्ड निपाणीत, कपाटात. म्हणून पहिली भेट अर्धीच. सहाशे घेऊन “कार्ड घेऊन या” म्हणणं मला खटकलं, नंबर देतानाच सांगितलं असतं तर एक फेरी वाचली असती. ही तक्रार मी तिथंच केली. आता दारावर पाटी लागलीय, कानडीत नि मराठीत, असं परवा बघितलं.

दुसऱ्या शनिवारी कार्ड घेऊन गेलो. सोबत विहीणबाईही आल्या, सुनेवर कुणी बोट ठेवतंय का ते बघायला, की स्वतः ठेवायला, देव जाणे.

डॉक्टरांनी कार्ड उघडलं आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं. दिवस गेले तेव्हा लेकीचं वजन ६८, उंची १५५. नवव्या महिन्यात ८५. “सतरा किलो,” ते म्हणाले. मी अभिमानानं मान हलवली, माझेच लाडू होते. मग त्यांनी कोष्टक दाखवलं. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २००९ साली घातलेलं, बरेच डॉक्टर तेच धरतात. मुळात बारीक असलेल्या बाईनं गरोदरपणात साडेबारा ते अठरा किलो वाढावं, बेताच्या वजनाचीनं साडेअकरा ते सोळा, आधीच जरा जास्त असलेलीनं सात ते साडेअकरा, खूप जास्त असलेलीनं पाच ते नऊ. माझी लेक तिसऱ्या ओळीतली, नि वाढली पहिल्या ओळीतल्यासारखी. आणि ते म्हणाले की मुलाच्या लठ्ठपणाशी ज्या ज्या गोष्टींचा संबंध लागतो, त्यांत आईचं दिवस जाण्याआधीचं वजन सगळ्यांत पक्कं आहे. नऊ महिन्यांतल्या वाढीचा नंबर त्याच्या मागनं.

“पण दोन जिवांची बाई! दोघांचं खायला नको काय?” मी आणि विहीणबाई एका सुरात. आयुष्यात एकदाच आमचं एकमत झालं ते हे.

त्यावर आहारवाल्या बाईंना आत बोलावलं. कानडी बाई, वय पंचवीस असेल, मला ‘अज्जी’ म्हणत होती. तिनं माझ्या लाडवाचा हिशेब काढला. माझा लाडू पन्नास ग्रॅमचा. तूप किती, गूळ किती, खोबरं किती विचारलं, मी खरं सांगितलं, धंद्यात खोटं सांगत नाही. म्हणाली, एका लाडवात अंदाजे अडीचशे कॅलरी. हैदराबादच्या पोषण संस्थेच्या हिशेबानं गरोदर बाईला रोजच्यापेक्षा साडेतीनशे जास्त लागतात. म्हणजे दुसरा जीव दीड लाडवाचाही नाही! अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने सहाशे जास्त, म्हणजे दोन-अडीच लाडू. मी गिऱ्हाइकांना काय सांगत आले? सकाळी दोन, संध्याकाळी दोन, वर अळिवाची खीर, नि जेवण नेहमीचं. आणि ते बाळंतिणीला. लेकीला तर पाचव्या महिन्यापासनंच सुरू केले होते, माहेरचं कौतुक म्हणून.

त्या मुलीनं “लाडू वाईट” असं म्हटलं नाही, हे मुद्दाम लिहिते. म्हणाली, अज्जी, औषधासारखा द्या, मोजून. औषध म्हणाली म्हणून मला राग आला नाही.

पुढच्या पानावर मात्र माझ्या पोटात कालवलं. सव्विसाव्या आठवड्याची साखरेची तपासणी. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतलेलं, आकडा १५२. आपल्याकडच्या पद्धतीत १४० किंवा वर गेला की गरोदरपणातला मधुमेह धरतात. तेव्हा ज्यांच्याकडं दाखवत होतो, त्यांचं नाव घेत नाही, त्यांनी सांगितलं होतं, “जरा बॉर्डरवर आहे, गोड कमी करा.” बस. पुन्हा तपासणी नाही, आहाराचं कुणी समजावलं नाही. आम्हीही विचारलं नाही. आणि त्याच महिन्यात मी डोहाळजेवण घातलं. पुरणपोळी, मांडे, कुंदा, पाच फळं, पाच खिरी. फोटोत लेकीच्या पुढ्यातलं ताट दिसतंय, लेक ताटामागं.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं ते असं. आईच्या रक्तातली साखर वारेतनं बाळाकडं जाते. आईचं इन्शुलिन जात नाही. मग बाळ आपलं आपण इन्शुलिन जास्त करायला लागतं, आणि त्या इन्शुलिनाचं काम काय, आलेली साखर चरबी करून ठेवायची. पोटात असतानाच पोरगं साठा करायला शिकतं. मला हे लगेच कळलं. पाक जास्त झाला की भांड्याच्या तळाला साखर बसते तसं. म्हैसूरला होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात १९९७-९८ साली बाळंत झालेल्या आयांची मुलं वर्षानुवर्षं तपासली, त्यात गरोदरपणी मधुमेह असलेल्या आयांच्या मुलांत, विशेषतः मुलींत, चरबी जास्त सापडली, असं ते म्हणाले. परदेशातलं नव्हे, आपल्याच राज्यातलं उदाहरण दिलं म्हणून विहीणबाई पण ऐकायला लागल्या. तोवर त्या खिडकीतनं रस्ता बघत होत्या.

इथं लेक रडली. “म्हणजे माझ्यामुळं.” विहीणबाईंना हेच पाहिजे होतं. त्या म्हणाल्या, “एक तर सिझर, वरनं अंगावरचं दूध नाही. डब्याचं पाजलं. मी तवाच सांगत होते.”

या ठिकाणी डॉक्टर जे बोलले, त्यासाठी मी चारपैकी दोन मार्क देते. ते म्हणाले, “आजी, यातलं किती सिद्ध आहे ते मी सांगतो, मग बोला.” सिझरचं असं की, सिझरनं झालेली मुलं जरा जास्त जाड आढळतात खरी. वाटेत आईकडनं मिळणारे जंतू मिळत नाहीत म्हणून असेल, असा एक अंदाज आहे. पण मुळात जाड बायकांचं सिझर जास्त होतं. आईचं वजन हिशेबात धरलं की फरक खूप कमी होतो, नि एकाच आईची दोन भावंडं, एक सिझरचं नि एक नैसर्गिक, अशी तुलना केली तर आणखी. म्हणजे सिझरवर खापर फोडता येत नाही.

आणि दूध. बेलारूस नावाच्या देशात १९९६-९७ साली सतराएक हजार बाळं घेऊन मोठा प्रयोग झाला. काही दवाखान्यांत आयांना अंगावर पाजायला नीट मदत केली, काहींत नेहमीसारखं चालू ठेवलं. मदत केलेल्या आयांनी जास्त दिवस पाजलं. मुलांचे जुलाब कमी झाले. पण सहा-साडेसहाव्या नि पुन्हा अकराव्या-बाराव्या वर्षी मोजलं, तर वजनात फायदा दिसला नाही. “आईचं दूध द्यायलाच पाहिजे, पुष्कळ कारणं आहेत,” डॉक्टर म्हणाले, “पण हिला लठ्ठपणाचा गुन्हेगार करायला हे कारण पुरत नाही.” विहीणबाई गप्प. मी त्यांच्याकडं बघितलं नाही, बघितलं असतं तर हसू आलं असतं.

पण हसणं माझ्याच अंगाशी आलं. त्यांनी विचारलं, डब्याचं दूध कोण करायचं? मीच. तीन महिने लेक माझ्याकडं होती. चमचा कसा भरायचा? आता डब्यातला चमचा सपाट भरून, सुरीनं वरचं काढून टाकायचं असतं हे डब्यावर लिहिलेलं असतं. मी शीग लावून भरत होते. माप भरताना शीग लावणं म्हणजे आमच्याकडं मन मोठं असण्याची खूण. गिऱ्हाइकाला किलोवर एक लाडू जास्त टाकते तशी नातवाला शीग. आणि बाटलीत उरलं तर वाया कशाला म्हणून तोंड फिरवलं तरी पाजायचं. युरोपात डब्याच्या दुधाचीच तुलना केली होती म्हणे, जास्त प्रथिनं घातलेलं आणि कमी घातलेलं. जास्तवाली मुलं पुढं जास्त जाड निघाली. माझ्या शिगेत प्रथिनंही आली, सगळंच आलं. कार्डावरच्या टिपक्यांकडं बोट दाखवून डॉक्टर म्हणाले, इथं बघा, जन्मापासनं सहाव्या महिन्यापर्यंत दोन रेघा ओलांडल्यात. पहिल्या दोन वर्षांत वजनानं अशा भराभर रेघा चढणं ही स्वतंत्र धोक्याची खूण आहे, मूल जन्मताना मोठं असो की लहान.

मोठं असो की लहान, हे मला कळलं ते दवाखान्याच्या एका दोषामुळं. आतल्या खोलीचं दार उघडंच असतं. आतलं सगळं बाहेर ऐकू येतं. कुणाची पाळी, कुणाची साखर, कुणाच्या नवऱ्याचं काय. हे बरोबर नाही, पडदा तरी लावा. पण त्या उघड्या दारातनंच मी आमच्या आधीच्या बाईचं ऐकलं. खानापूरकडच्या खेड्यातली, काडीसारखी, पोर अकरा महिन्यांची. जन्मली तेव्हा २ किलो १००. आजी तिला नाचणी, तूप, गूळ, केळं, दर दोन तासांनी कोंबत होती, वजन भरून निघावं म्हणून. डॉक्टर आजीला सांगत होते की घाई नको. पुण्याच्या के.ई.एम.चे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका नि त्यांची बाळं तपासली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदम्प्टनची साडेतीन किलोची. पण आपल्या बाळांचं जे कमी होतं ते मांस नि पोटातले अवयव. कातडीखालची चरबी जवळजवळ त्यांच्याइतकीच. बारीक दिसतं नि आत चरबी. अशा बाळाला भराभर फुगवलं तर मांस वाढत नाही, चरबीच आधी वाढते. “उंची वाढू दे, मग वजन,” ते म्हणत होते. ती आजी काही पटल्यासारखी दिसली नाही. जिन्यात मला म्हणाली, “डॉक्टरला काय जातंय, पोरगी आमची हाय.” मीही पहिल्या भेटीनंतर हेच म्हणाले होते.

तंबाखूचं राहिलं. तंबाखूच्या बाजारपेठेतलं, निपाणीचं घर म्हटल्यावर डॉक्टर विचारणारच. जावई ओढतात, घरातच. गरोदर आई ओढत असेल तर मूल जन्मताना हलकं नि शाळेत जायच्या वयात जाड, असं पुष्कळ देशांत दिसलंय. ओढणारा बाप चालतो असं समजू नका, असंही बजावलं. मशेरीचं विचारलं तेव्हा विहीणबाईंनी पिशवीतली डबी पिशवीतच आणखी खाली दाबली, मी बघितलं. मुंबईत तपासलंय म्हणे, मशेरी नि तंबाखू खाणाऱ्या बायकांची बाळं शंभरेक ग्रॅमनं हलकी. लेक म्हणाली, मी कधीच नाही. खाली रिक्षात बसल्यावर मात्र माझ्या कानात म्हणाली, दुसऱ्या महिन्यात मळमळायचं तेव्हा सासूबाईंनी चार दिवस दिली होती. तिसऱ्या भेटीत तिनं ते स्वतःहून डॉक्टरांना सांगितलं. ते फक्त लिहून घेऊन पुढं गेले. ओरडले असते तर पुढच्या वेळी ती काहीच सांगती ना.

आता आहाराचा कागद, चारशे रुपयांचा. वाया. छापील, चकचकीत, पुढं इंग्रजी, मागं कानडी. नाश्त्याला अ‍ॅव्होकॅडो. दुपारी किन्वा. संध्याकाळी ब्लूबेरी. गणपत गल्लीत ब्लूबेरी विचारली असती तर भाजीवालीनं मला वेड्यात काढलं असतं. आणि बेळगावात मराठी वाचणारी माणसं किती, हे मी सांगायला पाहिजे काय? भांडण नको म्हणून सरळ विचारलं, “मुली, हे मी वाचू कशी?” ती लाजली. कागद उलटा करून तिनं कोऱ्या जागेत तोडक्यामोडक्या मराठीत हातानं लिहिलं. ज्वारीची भाकरी दुधात नाही, भाजीत कुस्करून. दूध दिवसाला दोन कप, बाटली बंद, पेला. चहा-बिस्कीट बंद. जेवताना मोबाइल नाही. ताटात उरलं तर उरू दे. कुंदा सणाला, रविवारी नाही. दुपारी अंगणात सोडा. एवढंच. वजन उतरवायचं नाही, आहे तिथं थोपवायचं नि उंची वाढू द्यायची. त्या हातानं लिहिलेल्या नऊ ओळींचे चारशे दिले असं मी धरते. छापलेल्याचे नाही. दवाखान्यानं तेवढं मराठीत छापून घ्यावं, शब्द मी फुकट तपासून देते.

बाटली सोडवायला अकरा रात्री लागल्या. त्यावर काही लिहीत नाही, ज्यांनी सोडवलीय त्यांना ठाऊक आहे.

चार महिन्यांनी तिसरी भेट. उंची अडीच सेंटीमीटर वाढली, वजन दोनशे ग्रॅम. टिपकं दुसऱ्या रेघेला टेकलंय. गुंड्या अजून गुंड्याच दिसतो, फक्त पळताना दमत नाही. पण त्या दिवशी डॉक्टर त्याच्यापेक्षा लेकीशीच जास्त बोलले. गरोदरपणी साखर वाढलेल्या बाईनं बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायची असते, पुढंही तपासत राहायची असते, कारण अशा बाईला नंतर कायमचा मधुमेह होण्याचा धोका मोठा. हे आम्हाला अडीच वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तपासली. सध्या ठीक आली. दुसरं मूल पाहिजे असेल तर तयारी दिवस गेल्यावर नाही, आधी करायची म्हणाले. वजन, रक्त, साखर, सगळं. इथल्याच जे.एन.एम.सी. या मेडिकल कॉलेजनं आपल्या जिल्ह्यातल्या खेड्यांत, आणखी तीन देशांबरोबर, बायकांना दिवस जाण्याच्या किमान तीन महिने आधीपासनं पूरक आहार देऊन बघितला होता. २०१९ साली निकाल आले, आधी सुरू केलेल्या बायकांची बाळं जन्मताना जरा लांब भरली. तो पोषण कमी पडणाऱ्या बायकांचा प्रश्न, लेकीचा उलटा, पण वेळ तीच, म्हणाले. सरकारचं मातृपूर्ण जेवणसुद्धा दिवस गेल्यावरच मिळतं, हे माझ्या डोक्यात आलं. २०१७ पासनं अंगणवाडीत गरोदर बाईला भात, आमटी, अंडं, दूध, चिक्की मिळते, चांगलंच आहे. पण लग्न ठरलेल्या पोरीला कोण विचारतं? तिला तर रुखवताची ताटं दाखवतात.

तर पाचपैकी चार. एक मार्क जिना, उघडं दार नि ब्लूबेरी मिळून कापला. जायचं असेल तर सकाळी आठलाच चिठ्ठी घ्या, तायी कार्ड न्या, नि सासूला नेलंत तर आतपर्यंत न्या, बाहेर बसवू नका. आहाराचा छापील कागद घेऊ नका, हातानं लिहून मागा.

माझ्या धंद्याचं विचाराल, तर लाडू आता तीस ग्रॅमचा वळते. भाव किलोवर असल्यानं मला तोटा नाही, दोन जुन्या गिऱ्हाइकांनी मात्र “हात आखडला काय मावशी” म्हणून टोमणा मारलाच. डब्यात चिठ्ठी घालते, रोज किती खायचे त्याची. गरोदर बाईची ऑर्डर आली तर आधी एक प्रश्न विचारते. परवा कॅम्पातनं एका पोरीचा फोन आला. सहावा महिना, डोहाळजेवणाला तीन किलो डिंकाचे. मी म्हटलं, “बाई, साखर बघितलीस काय?”

ती म्हणाली, “साखर कशाला मावशी, गुळाचेच करा की.”